बसलेलं करडू

सुगंधाने आयुष्यात पहिल्यांदा मातीचं जनावर केलं, तेव्हा करायचं होतं शेळीचं करडू आणि झालं कुत्रं.

साल होतं त्रेपन्न. धुळ्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात हस्तव्यवसायाचा तास चालला होता. व्हरांड्यात गोणपाटं अंथरून शिकणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे एक पाट, पाटावर भिजवलेल्या मातीचा गोळा. लहान मुलाच्या मुठीत मावेल असं एक जनावर करा, असं शिकवणाऱ्या सुनंदाबाईंनी सांगितलं होतं. कुणी हत्ती करत होतं, कुणी ससा. सुगंधाच्या करडाचे पाय उभे केल्या केल्या खचले, पोट पाटाला टेकलं, मान पुढे लांबली आणि कान लोळागोळा होऊन गालांवर आले. शेजारची बाई वाकून बघत म्हणाली, "सुगंधाबाई, हे रात्री भुंकेल हो." सगळा व्हरांडा हसला.

सुगंधा हसली नाही. तिने ते कुत्रं उचललं, दोन्ही तळव्यांत दाबून त्याचा परत गोळा केला आणि हात धुवायला उठली.

"उठलात कशाला?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"मला नाही येत हे."

"येत नाही म्हणूनच इथे बसवलंय. येत असतं तर तुम्ही मला शिकवलं असतं. बसा."

सुनंदाबाई धुळ्याच्याच. आवाज करडा, नाकावर चष्मा, आणि कुणाची कीव करायची सवय नव्हती. सुगंधा परत बसली. तिला राग सुनंदाबाईंचा आला नव्हता. हसणाऱ्या बायकांचाही आला नव्हता. ते करडू तिला परीक्षेसाठी नको होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते ती आपल्या मुलीला नेऊन देणार होती, आणि दिवाळी जवळ आली होती.

सुगंधाचं माहेर अमळनेरकडचं. बाप उखर्डू पाटील स्वतः अंगठेबहाद्दर, पण पोरीला सातवीपर्यंत शिकवायचं हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं होतं कोण जाणे. भाऊबंद हसायचे, तरी त्याने पोरीला फायनलला बसवलं आणि ती पास झाल्यावर गावात पेढे वाटले. मग तिचं लग्न एरंडोलजवळच्या एका खेड्यात लावून दिलं. नवरा पुना शांत स्वभावाचा होता. कापूस वेचणीच्या दिवसांत मुदतीच्या तापाने पडला तो उठलाच नाही. मुलगी कमल तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

घरात सासरे झुलाल आबा, थोरला दीर भाईदास, आणि त्याची बायको भिकुबाई. भिकुबाईला दोन मुलगे होते. मुलगीही एक झाली होती, पण ती पाळण्यातच गेली. पुना गेल्यावर सुगंधा कोपरा धरून बसली, तेव्हा कमलला उचलून घेतलं ते भिकुबाईनेच. तिला न्हाऊ घालायची, भाकरी कुस्करून दुधात भरवायची, कुशीत घेऊन झोपायची. त्या दिवसांत सुगंधाला याचं ओझंच उतरल्यासारखं वाटलं होतं.

वर्ष सरल्यावर सुगंधाचा भाऊ जीवराम पाटाचा, म्हणजे दुसऱ्या लग्नाचा, निरोप घेऊन आला. स्थळ बिजवराचं होतं, घर खातंपितं होतं. पण पाट लावून गेलेल्या बाईचं मूल बापाच्या घरी राहतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुगंधाने भावाला तोंडावर सांगितलं, "माले कमलपासून तोडू नको." मग माहेरच्या मास्तरांनी दुसरी वाट दाखवली. सातवी पास बायका सरकारला मास्तरीण म्हणून हव्या होत्या. दोन वर्षं धुळ्याला राहायचं, शिकायचं, मग नोकरी. सुगंधाने मनात सगळं मांडून पाहिलं. नोकरी लागली की कुठल्याही गावात एक खोली घेता येईल, चूल मांडता येईल, आणि कमल आपल्या शाळेत आपल्यापुढे बसेल. पोरीसाठी पाट नाकारला होता, तसं पोरीसाठीच शिकायचं ठरवलं.

झुलाल आबा ओट्यावर बसून बराच वेळ ऐकत राहिला.

"शिकाले जाय," तो शेवटी म्हणाला. "मी नही म्हनत नही. पन पोर आठेच राही. पुनानी एवढीच निशानी शे."

वसतिगृहात मूल ठेवू देत नाहीत, हे सुगंधालाही माहीत होतं. ती हो म्हणाली.

निघायच्या सकाळी कमल घरामागे गोठ्यात होती. पांढऱ्या शेळीला करडू झालं होतं, त्याचा एक कान काळा होता. कमल त्याला सोडायला तयार नसायची. रात्री ते अंथरुणात हवं म्हणून रडायची. गाडी जुंपून झाली होती. सुगंधा गोठ्याच्या तोंडाशी आली. कमल पाठमोरी बसून करडाशी काहीतरी बोलत होती. हाक मारली तर पोर गळ्यात पडेल, मग आपला पाय निघणार नाही, असं सुगंधाला वाटलं. ती आवाज न करता मागे फिरली आणि गाडीत जाऊन बसली. पोर रडू नये म्हणूनच तिने ते केलं. पण पोरीच्या बाजूने पाहिलं तर आई सकाळी होती आणि दुपारी नव्हती, एवढंच.

तर असं ते करडू. सुगंधा त्याच्यामागे लागली.

वसतिगृहाच्या मागे शेत होतं. तिथली काळी माती आणून तिने एकटीने प्रयत्न सुरू केले. शेतकऱ्याची पोर, काळ्या मातीवर तिचा भरवसा. दोन करडं बरी वठली. मान जमली, तोंडही बकरीच्या जातीचं दिसायला लागलं. सकाळी पाहते तर मानेपासून शेपटीपर्यंत भेगच भेगा. ती ते तुकडे पदरात घेऊन सुनंदाबाईंकडे गेली.

सुनंदाबाईंनी एक तुकडा चुरून पाहिला. "चैत्रात तुमचं वावर कसं दिसतं?"

"भेगाळलेलं."

"मग ह्याच मातीचं करडू कसं राहील? ही कापसाची माती. पांझरेच्या काठचा गाळ आणा, चाळा, रात्रभर भिजवा. आणि थोडा पिंजलेला कापूस घाला तिच्यात."

"कापूस?"

"कुटून घाला. माती धरून ठेवतो."

कापूस म्हणजे सुगंधाच्या सबंध जन्माचा सोबती. पण तो मातीत घालून कुटायचा असतो, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. रविवारी ती पांझरेवर गेली, पाटीभर गाळ आणला. वसतिगृहाच्या उखळात माती आणि कापूस कुटता कुटता तिचे खांदे भरून आले. कुटलेली माती मात्र लोण्यासारखी झाली. बोटाने दाबली की दबायची, दबली की तशीच राहायची.

तरीही पाय खचतच होते. करडाचे पाय ते काय, काड्याच. जाड केले तर रेडकू दिसायचं, बारीक केले तर बसायचं. चार पाय जागेवर यावेत म्हणून तिने बांबूच्या काड्या आत घातल्या. माती वाळून आक्रसली आणि काड्यांभोवती तडकली. तिने ते भिंतीवर फेकलं.

सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत.

"बसतंच आहे तर बसू द्या की त्याला," त्या म्हणाल्या. "पाय पोटाखाली दुमडलेलं करा. शेळी बसते कशी, पाहिलंय ना? नवशिक्याने उभं जनावर करू नये. आणि मुलाच्या हातात द्यायचं तर बसलेलंच टिकतं."

सुगंधाने डोळे मिटून शेळी आठवली. पुढचे पाय गुडघ्यात मोडून, मागचे एका बाजूला घेऊन, मान वळवून बसलेली. आता तिने आधी नुसता पोटाचा गोळा केला. आतून अंगठ्याने पोकळ केला, कारण भरीव पोट भट्टीत फुटतं. खालून बारीक भोक ठेवलं. मान वेगळी वळली. जोडायच्या जागी दोन्हीकडे काडीने रेघोट्या ओढल्या, पातळ चिखल लावला, मग मान दाबून बसवली आणि ओल्या बोटाने सांधा पुसून टाकला. पाय म्हणजे मातीच्या चार लहान वळकट्या, पोटाखाली सरकवलेल्या. डोळ्यांसाठी ज्वारीचा दाणा दाबून काढून घेतला. कान शेवटी. एक उभा केला. दुसरा थोडा मागे दुमडला गेला, तो तिने तसाच ठेवला.

झालं तेव्हा ते तिच्या तळहातावर बसलं होतं, आणि खरोखर करडू होतं.

सावलीत ओल्या फडक्याखाली तिने ते वाळवलं. घाई केली नाही. शेवटी सगळ्यांची जनावरं टोपलीत भुसा घालून कुंभाराच्या आव्यात गेली. तिच्या शेजारणीचा हत्ती आत फुटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. सुगंधाचं करडू शाबूत बाहेर आलं. एका कुशीला धुराचा डाग पडला होता, तेवढाच. तिने चुन्याचे हात दिले, काजळ तेलात खलून दुमडलेला कान काळा केला, आणि ओठांवर बोटाने गेरू टेकवला. सुनंदाबाईंनी ते हातात फिरवून पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं. त्या बोलल्या नाहीत म्हणजे जमलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.त बसताना तिने ते करडू पदरात बांधून मांडीवर धरलं होतं. पारोळ्याच्या पुढे रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला ती मांडी उचलायची.

गावी पोचली तेव्हा कमल भिकुबाईच्या मांडीवर बसून वेणी घालून घेत होती. वाढली होती. पायात चाळ होते, ते सुगंधाने कधी पाहिले नव्हते. सुगंधाने हात पुढे केले. पोर वळून भिकुबाईच्या पदरात तोंड लपवायला लागली.

"वळख नही ऱ्हायनी तिले," भिकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात दु:ख नव्हतं.

सुगंधाने घाई केली नाही. पदराची गाठ सोडून तिने करडू ओट्यावर ठेवलं आणि ती बाजूला सरून बसली. थोड्या वेळाने कमल आली. आधी लांबून पाहिलं, मग बोट लावलं, मग काळा कान धरला. खऱ्या करडाचा शेळीसकट बाजार झाला होता, हे सुगंधाला नंतर कळलं.

"हाई कोनी बनाडं?" कमलने विचारलं.

"मी. तुनासाठे."

पोरीने एकदा तिच्या हातांकडे पाहिलं. मग करडू उचलून पळाली.

पुढचे दिवस सुगंधाला आयुष्यभर पुरले असं म्हणायला हरकत नाही. कमलने करडाच्या गळ्यात लाल दोरा बांधला. त्याच्यापुढे गवताची काडी ठेवली, जेवताना त्याला पाटाशेजारी बसवलं. आणि हळूहळू ती सुगंधाजवळ येऊन बसायला लागली. त्याचं पोट दुखतं का, ते रात्री कुठे झोपतं, त्याची माय कुठे आहे, असे प्रश्न विचारायची. सुगंधा सगळ्यांना उत्तरं द्यायची. भिकुबाई चुलीपाशी बसून हे पाहत होती. तिच्या तव्यावरची भाकरी करपायची.

निघायच्या सकाळी सुगंधा आंघोळ करून बाहेर आली, तर कमल ओट्यावर उभी होती. हातात करडू. गळ्यातला दोरा काढून टाकलेला. तिने ते पुढे धरलं.

"हाई ली जाय. माले नको."

"का नको, बेटा?"

कमलने मागे दाराकडे पाहिलं. दारात भिकुबाई उभी होती.

"हाई ठेवं ते तू माले ली जाशी," पोर म्हणाली. "माय सांगे."

सुगंधाने भिकुबाईकडे पाहिलं. भिकुबाईने नजर हटवली नाही.

"खोटं काय सांगं मी?" ती म्हणाली. "लिसनी जाशीच ना येक दिवस? तू गयी तवय दिवसभर गोठामा धुंडत व्हती ती तुले. कोनी झोपाडं तिले? मी."

सुगंधाने करडू घेतलं, पदरात बांधलं, आणि गाडीची वाट न पाहता पायीच एरंडोलची वाट धरली.

परीक्षेला तिने तेच करडू मांडलं. हस्तव्यवसायात तिचा वर्गात पहिला नंबर आला. पाहुणे आले, त्यांनी कौतुक केलं. सुनंदाबाईंनी ते नमुना म्हणून कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवलं. पुढे कॉलेज सोडताना सुगंधाने ते मागून पाहिलं, पण परीक्षेचा नमुना कॉलेजच्या मालकीचा होता. सुनंदाबाई म्हणाल्या, "तुम्ही दुसरं कराल की. आता तर येतं तुम्हाला."

तिने दुसरं कधीच केलं नाही.

नोकरी लागली ती साक्री तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी. मुलं भिल्ल आणि कोकणा आदिवासींची, थोडी पाटलांची. सुगंधाने खोली घेतली, चूल मांडली, आणि मुलीला नेण्यासाठी सासरी गेली. झुलाल आबा तोवर वारला होता. भाईदास म्हणाला, या वर्षी नको, पोर अजून लहान. पुढच्या वर्षी म्हणाला, गोवर नुकता उतरलाय. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, तिकडे हिवताप आहे. दर खेपेला जेवू घालायचा, दर खेपेला रिकामी पाठवायचा. कमल आता पळून जात नसे. समोर येऊन उभी राहायची, विचारलं तेवढं बोलायची. सुगंधाला ती कोणत्याच नावाने हाक मारत नसे.

छप्पन साली वारसाहक्काचा नवा कायदा झाला होता. दोन वर्षांनी शाळेच्या हेडमास्तरांनी सुगंधाला समजावून सांगितलं की नवऱ्याच्या वाट्यावर तिचा हक्क आहे, मागितला तर नाकारता येणार नाही. सुगंधाला वावर नको होतं. पण भाईदासला ते हवं आहे आणि पोर अडकवून ठेवण्यामागे तेच आहे, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. पोर तिच्याकडे गेली की उद्या वाटा मागायला मायलेकी दोघी येतील, अशी त्याला भीती होती. ती सरळ त्याच्याकडे गेली आणि हक्काची गोष्ट काढली.

भाईदासने सुपारी कातरली, तोंडात टाकली.

"वावर पाह्यजे का आंडेर?" तो म्हणाला. "येक सांग."

"आंडेर," सुगंधा म्हणाली. तिला लेकच हवी होती.

एरंडोलच्या कचेरीत तिने सही केली. अंगठा लावणाऱ्यांच्या रांगेत सही करणारी ती एकटी बाई. तिचं सुबक अक्षर पाहून कारकून बरं बोलला. पुनाच्या वाट्याची जमीन भाईदासच्या नावावर झाली. भाईदासनेही शब्द पाळला. त्याच दिवशी कमलचं गाठोडं बांधून दिलं.

भिकुबाई बाहेर आलीच नाही. घरातून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. कमल रडली नाही. ती गाडीत बसली, एस.टी.त बसली, धुळ्याला उतरली, दुसरी एस.टी. धरली. सगळ्या वाटेत तिने एकदाच तोंड उघडलं, तेही पाणी मागायला.

सुगंधाने तिच्यासाठी काय काय करून ठेवलं होतं. खिडकीपाशी पाट, नवं दप्तर, छिटाचा परकर. कमल शाळेत यायची, सांगितलं ते लिहायची. पण तिला भाषेपासूनच सगळं परकं होतं. भिल्लांच्या पोरी तिला काही विचारायच्या आणि ती नुसती बघत राहायची. घरी आल्यावर उंबऱ्यात बसायची, तोंड रस्त्याकडे करून. भाकरी चिमणीसारखी टोचायची. मातीकामाच्या तासाला सगळी मुलं बैल करत होती. सुगंधाने तिच्यापुढेही गोळा ठेवला. तास संपला तेव्हा गोळा तसाच होता, वरून सुकलेला.

"तुला येतं हे," सुगंधा म्हणाली. "मी दाखवू?"

कमलने मान हलवली. नको.

सुगंधा रागावली. एवढ्या वर्षांत ती पोरीवर पहिल्यांदा रागावली. "मी तुझ्यासाठी काय सोडलं माहीत आहे का तुला?" ती ओरडली. "घर केलं असतं दुसरं! वावर दिलं तुझ्यासाठी!" पडवीतली मुलं बैल खाली ठेवून बघत राहिली. कमलने खाली पाहिलं. ती दहा वर्षांची पोर, तिला कुणी कशासाठी काय दिलं हे तिने मागितलं नव्हतं.

त्या आठवड्यात कमलला ताप भरला. हिवतापच होता, भाईदासचं बोलणं खोटं नव्हतं. सुगंधा उशाशी बसून पट्ट्या बदलत होती. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. ग्लानीत ती म्हणाली, "माय... ओ माय..."

सुगंधाने तिचा हात धरला. "आठेच शे मी, बेटा. आठेच शे."

कमलने डोळे उघडले. ती शुद्धीवर होती. तिने सुगंधाकडे नीट पाहिलं.

"तू नही," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन भिंतीकडे तोंड केलं.

ताप उतरला. पोरीच्या अंगात प्रवासापुरती ताकद आली, तशी सुगंधाने रजा टाकली आणि तिला परत नेलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी मागितलं म्हणूनही नाही. गावाच्या शिवेवर येताच कमल गाडीतून उडी मारून पळत सुटली. अशक्त पाय, दोनदा पडली. भिकुबाई हातातलं सूप टाकून धावत आली. वाळलेली पोर छातीशी धरून तिने सुगंधाकडे पाहिलं.

"काय करी टाकं मनी पोरनं!"

भाईदास ओट्यावर होता. त्याने सुगंधाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. जमिनीचं कुणीच काही बोललं नाही. बोलण्यासारखं राहिलंच नव्हतं.

त्यानंतर सुगंधा नोकरी करत राहिली. शाळेला इमारत झाली. मुलांना ती चांगलं शिकवायची, पण हसरी मास्तरीण म्हणून तिची ख्याती नव्हती. बायका तिच्याकडे यायच्या, बाळाचं नाव काय ठेवू, औषध कुठलं देऊ विचारायला. तुम्हाला लेकरू नाही का बाई, असं नव्या कुणी विचारलं तर ती 'एक मुलगी आहे' म्हणायची आणि विषय बदलायची.

साठ सालच्या उन्हाळ्यात कमलच्या लग्नाची बातमी आली. मुलीचं वय कायद्यात बसत नव्हतं. मास्तरीण म्हणून सुगंधाला हे पुरतं ठाऊक होतं, गावोगाव सभा घेऊन तिने हेच सांगितलंही होतं. एक अर्ज केला असता तर लग्न थांबलं असतं. ती दोन दिवस कोरा कागद पुढे घेऊन बसली. लग्न थांबलं तर कमल जन्मात आपलं तोंड बघणार नाही, हे तिला दिसत होतं. तिने कागद गुंडाळून ठेवला आणि लग्नाला गेली. मास्तरीण म्हणून जे करायला हवं होतं ते तिने केलं नाही, आणि आई म्हणून करण्यासारखं काही तिच्या हाती नव्हतं.

विधवा बाई, तेव्हा मांडवात पुढे जायचं नव्हतंच. ती मागे, धान्याच्या कणगीला टेकून बसली. आईच्या जागी भिकुबाई उभी होती, नवी नऊवारी नेसून, डोळे सुजवून. वरपक्षातल्या एका म्हातारीने सुगंधाकडे बोट दाखवून भिकुबाईला विचारलं, "हाई कोन शे?"

"धाकली जाऊ शे मनी," भिकुबाई म्हणाली. "मास्तरीन शे."

यात खोटं काहीच नव्हतं.

पाठवणीच्या वेळी कमल सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत आली. डोक्यावर शालू, कपाळावर मुंडावळ्या, बारा वर्षांची चणी पोर. भिकुबाईच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की बायकांनी तिला ओढून सोडवलं. मग भाईदास, मग चुलत्या, मग मागच्या रांगेत ती सुगंधापाशी आली. वाकली. तिच्या हातांतल्या नव्या बांगड्या सुगंधाच्या पावलांना लागल्या.

उठून कमलने तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण नजर स्थिर होती. ही बाई कोण आहे हे तिला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं आणि ते तिने नीट समजून घेतलं होतं, एवढं सुगंधाला त्या नजरेतून कळलं.

"मी येस, काकू," कमल निरोप घेत म्हणाली.

सुगंधाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ये," ती म्हणाली. मागून कुणीतरी घाई करत होतं, गाड्या उन्हात उभ्या होत्या, आणि कमल शेजारच्या बाईच्या पाया पडायला वळली.